पावसाळ्यांतील उभी मोटार आणि तिचे टायर

मृगाचे ढग दिसूं लागले कीं मालवणच्या किनाऱ्यावर होड्या पाण्याबाहेर निघतात. ओंडक्यांवरून त्या वाळूवर ओढल्या जातात आणि चुडतांच्या झापांखालीं झांकून ठेवल्या जातात. महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेवढा काळ होडीला विसांवा मिळतो. परंतु या विसांव्यांतही तिच्यावर नजर असते. ती कशावर टेकली आहे, पाणी कोठें सांचतें, कोणती फळी सुटूं पाहते, हें सारें पाहिलें जातें.

याच सुमारास कांहीं घरीं आणखी एक वाहन मांगरांत शिरतें. तें म्हणजे चाकरमान्याची मोटार. मे महिन्याची सुटी संपते, गाडीवर ताडपत्री पडते, किल्ली भावाकडे राहते आणि मालक रेल्वेनें मुंबईस परततो. मोटार पुन्हा उघडते ती गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं. मधल्या तीन महिन्यांत तिच्याकडे कोणी फिरकत नाहीं, कारण वापरलेली वस्तु झिजते आणि ठेवलेली टिकते असा सर्वसाधारण समज आहे. टायरच्या बाबतींत मात्र हा समज फसवा आहे. टायर चालून झिजतो हें खरें; पण तो उभा राहूनही बिघडतो, आणि ही दुसरी हानि डोळ्यांना लवकर दिसत नाहीं.

बैलगाडीच्या लांकडी चाकाला लोखंडी धांव असते. ती गाडी वर्षभर एका जागीं उभी राहिली तरी धांवेचा आकार बदलत नाहीं. रबराचा स्वभाव निराळा. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत तडके. १८३९ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें रबरांत गंधक मिसळून तें तापविण्याची युक्ति शोधली, तेव्हां त्याला टिकाऊपणा आला. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यानें हवेनें भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. आजच्या टायरमध्यें रबराबरोबर पोलादी तारा आणि कृत्रिम धाग्यांचे थरही असतात. तरी मूळ गोष्ट कायम आहे: मोटारीचा सारा भार हवेवर तोललेला असतो, आणि ती हवा एका लवचिक कातड्यांत कोंडलेली असते.

चार टायर जमिनीला टेकतात ते केवळ तळहाताएवढ्या चार जागांवर. मोटार चालत असतां टेकणारा भाग क्षणोक्षणीं बदलतो. ती उभी राहिली म्हणजे तोच भाग आठवडेच्या आठवडे दबून राहतो, आणि रबर व धागे त्या सपाट आकाराला सरावतात. मुंबईहून सुमारें पांचशें किलोमीटर धांवून तापलेला टायर भाराखालीं तसाच निवाला, तर हा आकार अधिक पक्का बसतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतींत ही अडचण विशेष आहे. तिचे टायर रुंद, बसक्या बाजूंचे आणि रस्त्याला धरून ठेवणाऱ्या मऊ रबराचे असतात. वेगांत पोलादी पट्टे उसळूं नयेत म्हणून त्यांच्यावर बहुधा नायलॉनचें वेष्टन असतें, आणि दबलेला आकार धरून ठेवण्याची खोड नायलॉनला आहे.

दुसरी हानि हवेची. शाबूत टायरमधूनही महिन्याला चौरस इंचास सुमारें एक पौंड हवा झिरपून जाते. मालवणची खारी हवा त्यांत भर घालते. टायरची कड ज्या धातूच्या रिमवर बसते, तेथें क्षारानें गंज धरला कीं कडेची पकड सैल होते आणि हवा गुपचूप निसटते. हवा कमी झाली म्हणजे टायर अधिक बसतो आणि सपाट भाग वाढतो.

तिसरी हानि पृष्ठभागाची. वातावरणांतील ओझोन वायु रबराला बारीक चिरा पाडतो. त्याला अडविण्यासाठीं कारखान्यांत रबरामध्यें एक प्रकारचें मेण मिसळलेलें असतें. टायर फिरतांना मुडपतो, तेव्हां हें मेण आंतून पृष्ठभागावर येत राहतें. उभ्या टायरला हें संरक्षण पुरेसें मिळत नाहीं.

युरोपांत स्पोर्ट्स कार हिंवाळ्यांत झांकून ठेवतात. तेथें उष्मा सात अंश सेल्सिअसच्या खालीं गेला कीं उन्हाळी टायरचें रबर कडक होऊं लागतें; कडाक्याच्या थंडींत असा टायर हलविणेंही धोक्याचें असतें. मालवणांत हा प्रश्नच नाहीं. येथील शत्रु ओल, क्षार आणि निश्चलता हे आहेत. यांतून एक सोयही निघते: येथें मोटार पावसाळ्यांतल्या कोणत्याही दिवशीं निर्धास्तपणें हलवितां येते, आणि हलविणें हेंच सर्वांत स्वस्त औषध आहे.

म्हणून मोटार ठेवण्यापूर्वीं चाकें आंतून-बाहेरून गोड्या पाण्यानें धुवावीं व पूर्ण वाळूं द्यावीं. टायर चकचकीत करणारीं तेलकट द्रव्यें लावूं नयेत. हवा नेहमींपेक्षां थोडी अधिक भरावी, परंतु टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आंकड्यापुढें जाऊं नये. सारवलेली जमीन पावसाळ्यांत ओल धरते. तेव्हां चाकांखालीं जाड फळ्या घालाव्या. दमट हवेंत हातब्रेक ओढून ठेवल्यास तो चिकटतो. त्यापेक्षां मोटार गिअरमध्यें ठेवून चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे द्यावे. प्लास्टिकचें आच्छादन आंत दंव धरतें. हवा खेळेल असें कापड चांगलें. रॉकेल, डिझेल, रंगाचें टर्पेंटाइन व वेल्डिंगचें यंत्र त्या मांगरांत नसावें.

यापुढचें काम किल्ली सांभाळणाऱ्याचें. प्रत्येक टायरवर जमिनीलगत खडूची खूण करावी. दर पंधरवड्यास ठोकळे काढून मोटार इतकी सरकवावी कीं खूण पाव फेरा वर येईल. मग ठोकळे पुन्हा लावावे. सहा महिने किंवा अधिक काळ ठेवावयाची असेल, तर मेकॅनिककडून ती लोखंडी घोड्यांवर उचलून घ्यावी. जांभ्या चिऱ्यांवर मात्र मोटार कधींही तोलूं नये. चिरा भाराखालीं अकस्मात् फुटतो. काढून ठेवलेले सुटे टायर छपराखालींच असावेत. अंगणांत पडलेल्या टायरमध्यें पावसाचें पाणी सांचतें, आणि डेंग्यू पसरविणारे डांस तेथेंच वाढतात.

खरी कसोटी चतुर्थीच्या आदल्या दिवशीं लागते. मूर्ति आणावयाची असते, माटोळीचें सामान राहिलेलें असतें, घर माणसांनीं भरलेलें असतें; अशा घाईंत मोटार तशीच बाहेर निघते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक मुडपतो, त्यानें तापतो, आणि तापलेल्या टायरचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. बाजारापर्यंत तो कदाचित् तक्रार करणार नाहीं. पण परतीच्या प्रवासांत, भरलेल्या मोटारीच्या भाराखालीं, फोंडा घाटांत किंवा महामार्गावर वेग घेतल्यावर तो फुटूं शकतो. तेथें प्रश्न टायरच्या किंमतीचा राहत नाहीं. आंत बसलेल्या माणसांचा असतो.

यास्तव निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना, हवा मोजून दरवाज्याच्या चौकटीवरील आंकड्याइतकी करावी. ठेवणीसाठीं अधिक भरलेली असेल तर कमी करावी. बाजूंवर भेगा किंवा फुगवटा आहे काय तें पाहावें. पहिले दहा-पंधरा किलोमीटर सावकाश जावें. आरंभीं चाकांतून ठक-ठक जाणवते. टायर तापल्यावर ती थांबली तर आकार पूर्ववत् झाला असें समजावें. न थांबल्यास घाट चढण्यापूर्वीं टायर तपासून घ्यावा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूणही असते: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पांच वर्षें झाल्यावर दरवर्षीं तपासणी व्हावी, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा.

या सर्वांत खर्चाची बाब थोडी आणि लक्ष देण्याची अधिक. जाणाऱ्या मालकानें किल्लीबरोबर खडूचा एक तुकडा ठेवावा आणि पंधरवड्याचें काम समजावून सांगावें. पावसाळ्यापुरती टायरांची काळजी बहुतेक तेवढ्यांत मिटते.