शहराचा आराखडा आणि आपला कारखाना

शहराचा आराखडा म्हटले की आपले बहुतेक कारखानदार व दुकानदार ‘ते साहेब लोकांचे काम’ म्हणून हात झटकतात. पुढे रस्त्याची खूण दुकानाच्या ओट्यावर पडते, तेव्हा धावाधाव सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय धंद्याला महाग पडते. म्हणून आराखडा कसा तयार होतो आणि त्यात आपण कोठे बोलायचे, हे मालेगावचे उदाहरण घेऊन आम्ही येथे मांडत आहोत.

गिरणा व मोसम नद्यांच्या काठचे हे यंत्रमागाचे शहर. 2001 साली येथील नगरपालिकेची महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 4 लाख 81 हजार होती. येथे घर आणि माग पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. अशा शहराची योजना कागदावर चुकली, तर घर आणि रोजी दोन्हींना धक्का बसतो.

पहिली बाब जमिनीची. राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रत्येक शहराची विकास योजना होते व 20 वर्षांच्या आत तिची फेरतपासणी करावी लागते. कोणता भाग राहण्याचा, कोणता व्यापाराचा, कोणता उद्योगाचा, हे नकाशात ठरते. रस्ते, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांसाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप नकाशा तयार झाला की राजपत्रात व वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि ठराविक मुदतीत लेखी हरकती मागवल्या जातात. हरकत केवळ जागेच्या मालकानेच घ्यावी असे नाही, भाडेकरू कारागीरही घेऊ शकतो. नियोजन समितीपुढे सुनावणी होते व शेवटी योजना सरकारच्या मंजुरीला जाते. मंजुरीनंतर बदल करून घेणे फार अवघड. आरक्षित जागा 10 वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर मालकाला नोटीस देऊन ती सोडवून घेण्याचा मार्ग कायद्यात आहे. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण जागा अडकली म्हणून पडेल भावाने विकून टाकतात.

दुसरी बाब पाण्याची. मालेगावला पाणी मुख्यतः गिरणा धरणातून आणि चणकापूर धरणाच्या पाण्यावर भरणाऱ्या तळवाडे तलावातून मिळते. गिरणा धरणावर शेतीचाही हक्क आहे, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील. 2011 पासून राज्याच्या धोरणात आधी पिण्याचे पाणी, मग शेती आणि त्यानंतर उद्योग असा क्रम आहे. म्हणजे दुष्काळात कात्री प्रथम कारखान्याला लागते.

आता साधा हिशेब पाहा. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर हे सरकारी माप आहे. 4 लाख 81 हजार लोकांना रोज सुमारे साडेसहा कोटी लिटर लागतील. गळती 15 टक्के धरली, तर उगमापासून साडेसात कोटींहून अधिक लिटर उचलावे लागेल. हा जुन्या लोकसंख्येचा हिशेब झाला. पाणी योजना तर पुढील 30 वर्षे डोळ्यांसमोर ठेवून आखायची असते. शिवाय सायझिंगच्या बॉयलरसारखा मोठा वापर या मापात बसत नाही, त्याची गरज वेगळी मोजावी लागते. सायझिंगवाल्यांनी ती नोंदवलीच नाही, तर योजनेत ती येणार कोठून?

तिसरी बाब पैशाची. 2015 साली सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत 10 लाखांपर्यंतच्या शहरांना निम्मी रक्कम केंद्राकडून ठरली होती. उरलेली राज्याने व पालिकेने घालायची. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. पालिकेच्या हातातले मुख्य उत्पन्न आता घरपट्टी व पाणीपट्टीचे. ती थकली की पालिकेचा वाटा अडतो आणि कामही रखडते. पट्टी वेळेवर भरावी आणि तिचा हिशेबही मागावा. हिशेब मागण्याचा खरा अधिकार भरणाऱ्याचाच.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, 1 जून 1993 पासून, 3 लाख व त्यावरील लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली आहे. आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न तेथे लेखी द्यावा.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे इतकेच. जागेचा उतारा किंवा भाडेपावती, घरपट्टीची पावती, परवाना व वीजबिल एका फाईलीत ठेवा. प्रारूप नकाशा लागला की जाणत्या माणसाला घेऊन आपली गल्ली त्यात शोधा. एकेकट्याने ओरड करण्यापेक्षा आपल्या संघटनेमार्फत अर्ज द्या व त्याची पोच घ्या. मालाचा सौदा आपण चिठ्ठीवाचून करत नाही, मग शहराचा सौदा तोंडी का ठेवावा?