शाळेचा कचरा शाळेतच जिरवूया



गटांच्या बैठकांना फिरताना मी हल्ली एक सवय लावून घेतली आहे. गावातल्या शाळेच्या मागे एक चक्कर मारायची. बऱ्याच ठिकाणी तेच दिसतं: जळून काळी पडलेली जागा, त्यात वेफर्सची पाकिटं, वह्यांचे कागद आणि बाजूला टाकलेली खिचडी. विचारलं तर उत्तर येतं, "गोळा झाला की काडी लावतो." आणि धूर जातो कुठे? खिडकीतून पहिलीच्या वर्गात.

मी मुलुंडची. आमच्याकडे पन्नासेक वर्षं डम्पिंग ग्राउंड होतं, म्हणजे कचऱ्याचा डोंगरच. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावल्या तरी वास घरात यायचा. ऑक्टोबर 2018 मध्ये ते बंद झालं, पण साठलेला कचरा हटवायला पुढे कितीतरी वर्षं लागली. देवनारचं डम्पिंग तर 1927 पासूनचं. तिथे जानेवारी 2016 मध्ये मोठी आग लागली. धूर इतका पसरला की आसपासच्या महापालिका शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्यामुळे मुलांची शाळा बुडाली!

ही आग भडकते कशी, ते तुम्हाला चटकन कळेल. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की आत हवा जात नाही. तो कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. आपल्या गोबरगॅसमध्ये असतो तोच. गोबरगॅसवर भाकरी होते, ढिगात मात्र आग भडकते. म्हणजे दोष कचऱ्याचा नाही, सगळं एकत्र टाकण्याचा आहे.

हे मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांनी ओळखलं. स्त्री मुक्ती संघटनेने 1998 मध्ये 'परिसर विकास' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या 'परिसर भगिनीं'चे बचत गट झाले, त्यांनी ओल्या कचऱ्याचं खत करायचं प्रशिक्षण घेतलं. त्याही आपल्यासारख्या गटातल्याच बायका.

आता आपल्या शाळेचा हिशोब करू. 100 मुलं आहेत आणि प्रत्येकाच्या ताटात 50 ग्रॅम भात उरला, तर रोजचे 5 किलो. शाळेच्या 200 दिवसांत 1,000 किलो, म्हणजे एक टन! म्हणून सगळ्यात आधी वाढताना थोडं वाढा, मागितलं की परत वाढा. अन्न वाचणं हे खतापेक्षा केव्हाही चांगलं.

तरीही जे उरेल त्यासाठी असं करा:

1. दोन डबे ठेवा. एकात भाजीची देठं, सालं, उष्टं. दुसऱ्यात कागद, प्लास्टिक. डब्यांवर मुलांनाच चित्रं काढू द्या.

2. खड्डा करा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. पाणी साचणार नाही अशी उंच जागा बघा. खाली वाळका पाला, वर ओला कचरा, त्यावर शेणकाला, परत पाला. पाला ओल्या कचऱ्याच्या दुप्पट हवा. आठवड्यातून एकदा वरखाली करा आणि वरून झाकण ठेवा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं.

3. परसबाग लावा. हात धुवायच्या नळाचं पाणी चर काढून वाफ्यात सोडा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही तिथेच. तिथली मेथी, पालक, शेवगा परत खिचडीत येईल.

4. सुका कचरा जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानेही मनाई आहे. पोत्यात साठवा, भंगारवाल्याला द्या.

माझी एक चूक सांगते. माझ्या पहिल्या खड्ड्यात मी उरलेला सगळा भात एकदम ओतला. चार दिवसांत असा वास सुटला की बाईंनी खड्डा बुजवायला सांगितला. मग भरपूर पाला आणि कोरडी माती घातली, रोज थोडंच टाकलं, तेव्हा कुठे वास गेला. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, एवढं लक्षात ठेवा.

"पण शाळेत आमचं कोण ऐकणार?" असं काही ताया विचारतात. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. काही शाळांत तर खिचडीही आपलेच गट शिजवतात. मग ऐकणार नाहीत कसे?

येत्या मासिक बैठकीत हप्ते भरून झाले की हा विषय घ्या. समितीत आपल्या गटातली कोण आहे ते विचारा, तिच्यासोबत दोघी जणी शाळेत जा आणि मागची ती काळी जागा बघून या. खड्डा तिथूनच सुरू करू. पहिल्या दिवशी मला बोलवा, फावडं घेऊन येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक