बोंडलं, बाटली आणि पुरावा

१५ ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात जागतिक प्लॅस्टिक कराराची बोलणी पुन्हा फिसकटली. तेल विकणाऱ्या देशांना प्लॅस्टिकच्या उत्पादनावर मर्यादा नको होती. बातमी आतल्या पानावर आली आणि विरून गेली. मला मात्र नव्वदचं दशक आठवलं.

त्याआधीचं काय सांगायचं? दूध आधी काचेच्या बाटलीतून यायचं, मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागलं, इतकंच. नव्वदीत मात्र प्लॅस्टिक थेट पाळण्यापर्यंत पोहोचलं. आमच्या पिढीच्या बायका तेव्हा बाळंत होत होत्या. आजीचं चांदीचं बोंडलं ‘जुनाट’ ठरून कपाटात गेलं. वाटी-चमच्याने दूध पाजणारीला सुशिक्षित नणंदा हसायच्या. दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातींना, फुकट नमुन्यांना १९९२ च्या कायद्याने बंदी घातली होती. तरी ज्या प्रसूतिगृहात मी होते, तिथून घरी निघताना पिशवीत नवीकोरी बाटली होतीच. ‘उकळली की निर्जंतुक’, असं वर सांगितलं गेलं. मी उकळत राहिले.

त्या कडक, काचेसारख्या बाटल्या बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असत. त्यातलं बिस्फेनॉल-ए संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं म्हणून आपल्या मानक ब्यूरोने २०१५ मध्ये त्या बाद केल्या. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या ‘बीपीए-फ्री’ म्हणून मिरवू लागल्या. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्या तपासल्या, तेव्हा गरम पाण्याने एका लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्मकण सुटताना दिसले. त्याच सुमारास रोममध्ये सहापैकी चार बाळंतिणींच्या वारेत प्लॅस्टिकचे कण सापडले, आणि २०२२ मध्ये ३४ पैकी २६ मातांच्या दुधात. म्हणजे अंगावर पाजणारीही सुटली नाही.

या कणांनी बाळाचं नेमकं काय बिघडतं? गाभण उंदरिणींच्या फुफ्फुसांत पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म कण सोडले, तर ते वार ओलांडून गर्भाच्या यकृतात, हृदयात, मेंदूत पोचतात, हे रटगर्स विद्यापीठाने दाखवलं. माणसाच्या बाबतीत असा ठाम निष्कर्ष अजून नाही. मोजमापावरही वाद आहेत. चरबीलाच प्लॅस्टिक समजण्याची चूक काही उपकरणांकडून होते. हे प्रामाणिकपणे मान्य. पण आज ‘पुरावा कुठाय?’ विचारणाऱ्या उद्योगाला नव्वदीत, बाटली आमच्या पिशवीत पडताना, ती निर्धोक असल्याचा पुरावा कोणी मागितला होता? तेव्हा दोष बोंडल्याला होता. आता सल्ले आईला आहेत, कारखान्याला नाहीत.

घरात तान्हं असेल आणि वरचं दूध द्यावं लागत असेल, तर पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा, पावडर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. आणि मत मागायला येणाऱ्याला जिनिव्हात आपला देश कोणाच्या बाजूने बोलला, हे जरूर विचारा.