शिल्लक किती उरेल?

कामरेज हा एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका. संस्थानकाळापासून या तापीकाठी आपल्या माणसांचा राबता आहे. मुंबईचा हमरस्ता दाराशी असल्यामुळे कर्करोगाचे निदान झाले की कित्येक कुटुंबे १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात.

फुप्फुसातील गाठ काढण्याजोगी आहे, असे शल्यविशारदांनी सांगितले की घरच्यांना धीर येतो. पण लगेच रुग्णाला नळीत फुंकायला लावतात, कधी जिने चढायला लावतात, आणि कुजबूज सुरू होते, 'गाठ काढायची सोडून हे कशाला?' या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही देऊ इच्छितो.

गाठीबरोबर तिच्याभोवतीचे निरोगी फुप्फुसही काढावे लागते. उरलेल्या भागावरच रुग्णाला पुढचे आयुष्य काढायचे असते. मोठा खर्च करण्यापूर्वी गाठीशी काय उरेल ते आपण पाहतो; हा हिशेबही तसाच आहे.

श्वास मोजण्याच्या यंत्राची माहिती जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. आज छातीभर श्वास घेऊन जोराने सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे पाहतात. दुसऱ्या चाचणीत फुप्फुसातून रक्तात वायू कितपत शिरतो, हे मोजतात. या हिशेबात फुप्फुसांचे १९ उपखंड धरतात: उजवीकडे १०, डावीकडे ९. समजा, एखाद्याची श्वासशक्ती त्याच्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाच्या ८० टक्के आहे. उजवीकडचा वरचा खंड, म्हणजे ३ उपखंड काढले, तर सुमारे ६७ टक्के उरेल. सबंध उजवे फुप्फुस काढले, तर सुमारे ३८. दोन्ही चाचण्यांत ६० हून अधिक उरत असेल, तर धोका सामान्यतः कमी मानतात. ३० ते ६० असेल, तर चालवून अथवा जिना चढवून पाहतात. त्याहून कमी असेल, तर व्यायाम करवून शरीर किती प्राणवायू वापरते, हे मोजतात.

आकडा कमी आला म्हणजे सर्व मार्ग खुंटले, असे मात्र नव्हे. काहींच्या बाबतीत सबंध खंडाऐवजी लहान भाग काढता येतो. काहींना किरणोपचार देतात. विडी-सिगारेट सोडणे, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि व्यायाम यांनीही रुग्णाची तयारी सुधारू शकते. मात्र रुग्णाने अर्ध्या मनाने फुंकले, तर आकडा खोटाच कमी येतो आणि निर्णय चुकण्याची भीती असते.

म्हणून घरच्यांनी रुग्णाला नीट समजावून चाचणीस न्यावे, व्यसन असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि एवढे अवश्य विचारावे: शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, आणि तेवढ्यावर आमचा माणूस आपल्या घरचा जिना चढेल काय?