विश्वासासाठी निधी

एखाद्या मुलाने फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले, तर आपण ते पुसतो आणि त्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगतो. तास संपेपर्यंत वर्गही ती चूक विसरतो. तेच मूल संगणकावर किंवा मोबाइलवर गणित सोडवू लागले की काय होते? कोणता पर्याय निवडला, किती सेकंद लागले, कितव्या प्रयत्नात उत्तर जमले, या सगळ्याची नोंद होऊ शकते. फळा पुसला जातो, ही नोंद मात्र कोणी मुद्दाम पुसल्याशिवाय जात नाही.

नोंद ठेवणे मुळात वाईट नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना पुष्कळ मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. मोठ्या वर्गात ही चूक नेमकी कोण करते, हे अशा नोंदींवरून शिक्षकाला चटकन कळते. पण त्यांना मुलाचे नाव, घरची परिस्थिती, आजारपण, शिक्षा यांची माहिती जोडली, की त्या मुलाचे एक चित्रच तयार होते. ते कोणाच्या हाती असावे आणि किती वर्षे टिकावे?

अमेरिकेत हा प्रश्न फार ठळकपणे पुढे आला. वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली विद्यार्थ्यांची माहिती एकत्र आणून शिक्षकांना उपलब्ध करून द्यावी, या हेतूने २०१३ साली 'इनब्लूम' ही ना-नफा संस्था पुढे आली. गेट्स फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांनी या कामासाठी सुमारे १० कोटी डॉलर दिले होते. पैसा होता, तंत्रज्ञानही होते. पण आपल्या मुलांची माहिती कोणाकोणाला मिळणार, याचे समाधानकारक उत्तर पालकांना मिळाले नाही. विरोध वाढत गेला, एकेक राज्य बाहेर पडले आणि एप्रिल २०१४ मध्ये संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कमी पडला होता तो विश्वास.

त्याच वर्षी मॅकआर्थर फाउंडेशनच्या पाठबळाने 'ट्रस्ट चॅलेंज' नावाची स्पर्धा जाहीर झाली. तिची रक्कम होती सुमारे १२ लाख डॉलर, म्हणजे इनब्लूमच्या जवळजवळ ८० वा भाग. इंटरनेटवर शिकणाऱ्या मुलांची सुरक्षितता, खासगीपणा आणि विश्वास वाढवणाऱ्या प्रकल्पांना त्यातून मदत द्यायची होती.

यासाठी वेगळा निधी कशाला? आकर्षक खेळ किंवा चाचण्या बनवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. 'तुमची ही माहिती आम्ही घेतो, ती या कामासाठी वापरतो आणि अमुक दिवसांनी पुसतो' हे मुलाला कळेल अशा भाषेत लिहिणाऱ्याला सहसा कोणी पैसे देत नाही. पूल बांधताना कठड्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो, तसेच हे आहे.

कायदा हा या कठड्याचा एक भाग. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती इंटरनेटवर गोळा करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे. पण संमतीच्या चौकटीत न वाचताच खूण केली, तर त्यातून विश्वास कसा निर्माण होणार?

म्हणून वर्गात एक कृती करून पाहावी असे आम्ही सुचवतो. गणिताच्या सरावासाठी एखादे अ‍ॅप माहिती मागते, असे समजा. नाव, इयत्ता, जन्मतारीख, फोन नंबर, फोटो, राहण्याचे ठिकाण अशी यादी फळ्यावर लिहा. प्रत्येक बाबीपुढे मुलांना विचारा : 'गणित शिकवायला ही माहिती लागते का?' बहुतेक मुले 'इयत्ता' ठेवतील. बाकीच्या बाबींवर वाद होईल. तो होऊ द्या.

चूक करण्याची मुभा असल्याशिवाय शिकणे होत नाही. आपली प्रत्येक चूक कोणीतरी कायमची लिहून ठेवत आहे असे वाटले, तर मूल अवघड प्रश्नाच्या वाटेला जाईल का?