हद्दवाढ: कट्ट्यावरची आणि कायद्यातली

कोल्हापूर ‘स्मार्ट सिटी’ आहे, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. नाही. केंद्राच्या 2015 च्या मोहिमेतल्या 100 शहरांत सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. कोल्हापूर ‘अमृत’ योजनेत होतं, म्हणजे पाणी आणि ड्रेनेज. त्यात कमीपणा काही नाही. इथं घोडं अडलंय ते हद्दीवर. 1972 ला महापालिका झाली, पण 66.82 चौरस किलोमीटरची हद्द पुढची पाच दशकं हलली नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा कागदोपत्री गावंच राहिली. घरं मात्र शहराला येऊन भिडली.

हद्दवाढीचा विषय निघाला की गावात आधी घरफाळा निघतो. आज शहरात गेलो की उद्या चौपट बिल! कायदा तसं म्हणत नाही. नव्यानं आलेल्या भागाला सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर लागतो, मग 20-20 टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढत तो शहराच्या दराला पोचतो. तरीही गावकऱ्यांची धास्ती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. फाळा कधी वाढणार याचं वेळापत्रक कायद्यात आहे, नळ आणि गटार दारात कधी येणार याचं नाही. खुद्द शहराला काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी मिळायला नोव्हेंबर 2023 उजाडला. शेजारच्या गावानं हे बघितलेलं असतंच की.

‘प्राधिकरण झालं, म्हणजे हद्दवाढच झाली,’ हाही एक समज. 2017 मध्ये 42 गावांसाठी प्राधिकरण नेमलं गेलं ते नियोजन आणि बांधकाम परवान्यांसाठी. सरपंच, ग्रामसभा, दिवाबत्ती, कचरा सगळं गावाकडेच राहिलं. परवान्याला एक दार, पाण्याला दुसरं.

ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला की हद्दवाढ रद्द होते, असंही नाही. हरकती ऐकल्या जातात, पण अधिसूचना राज्य सरकार काढतं आणि त्याआधी सल्ला घ्यायचा तो महापालिकेचा. आता गंमत बघा. 2015 च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच कारभारी होते. विरोध करणाऱ्या गावांकडे निवडून दिलेला सरपंच होता; ज्या शहरात त्यांनी यायचं, त्या शहराकडे त्या काळात एकही नगरसेवक नव्हता.