मुलांसाठी शाळा पारखताना

गुळाची ढेप घेताना आपण नुसता वरचा रंग पाहत नाही. ती फोडतो, कणी पाहतो, जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. परंतु तोच व्यापारी पोटच्या मुलासाठी शाळा ठरविताना इमारत, गणवेश आणि निकालाचा आकडा एवढ्यावर समाधान मानतो. ही चूक मी स्वतः केली आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने बांधवांपुढे चार शब्द ठेवीत आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना मी त्याला दूरच्या शहरातील एका नामांकित शाळेच्या वसतिगृहात ठेवले. तेथे रात्रीची पंगत आठ वाजता बसे. घरी सूर्यास्तापूर्वी जेवणारा मुलगा पहिले काही दिवस उपाशी निजला; पुढे जेवू लागला. विचारले की, ‘वेळेवर जेवतो’ एवढेच सांगे. सुटीत घरी आल्यावर आईजवळ त्याचे मन मोकळे झाले. ‘अप्पांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही,’ असे तो म्हणाला. नियम मोडल्यापेक्षा, मुलाला आपल्यापासून काही लपवावे लागले, याचेच शल्य मला अधिक बोचले. दोष त्या शाळेचा नव्हता. जे विचारावयास हवे होते ते मीच विचारले नव्हते.

आपल्या पूर्वसूरींना हा प्रश्न फार आधी पडला होता. १८९९ मध्ये निपाणीनजीक स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. खेड्यातील मुलाला शाळेसाठी शहरी धाडावयाचे, तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे काय, ही त्या काळच्या पालकांची पहिली अडचण. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथील जैन बोर्डिंगे हे त्या अडचणीला मिळालेले उत्तर होय. मुंबईचे जवाहिरे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ठिकठिकाणी अशा वसतिगृहांना सढळ हाताने द्रव्य दिले, आणि त्यांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे स्त्रियांसाठी विद्येची वाट खुली केली. पुढे समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंजा येथे आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे ब्रह्मचर्याश्रम उभे केले. शालेय विद्या आणि धर्माचरण यांची तेथे एकत्र सांगड घातली गेली.

मात्र या उज्ज्वल इतिहासाचे एक पान आपण टाळू नये. ज्यांना सारा महाराष्ट्र कर्मवीर म्हणून ओळखतो ते भाऊराव पाटील १८८७ मध्ये कुंभोज येथेच जन्मले. कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे वसतिगृह काढले. अहिंसा शिकविणाऱ्या घराने माणसास दूर लोटले, तर ते आपलेच रत्न गमावते, हा त्यातील बोध आहे.

म्हणून धर्मसंस्कारांची शाळा शोधताना दोन बाजू तपासाव्यात. पहिली, आपला आचार तेथे सहज पाळता येतो काय? दिवसाउजेडी जेवण, गाळलेले पाणी, पर्युषणात उपवास करणाऱ्याची विचारपूस, या गोष्टी मुलाला मागाव्या लागू नयेत. दुसरी, तेथे मुलाला ‘असे का?’ म्हणून विचारता येते काय? शिक्षक उत्तर देतात, की दटावतात? स्वयंपाकी आणि झाडूवाला यांच्याशी मुले कसे बोलतात? शेजारच्या वेगळ्या धर्माच्या मुलांबरोबर खेळतात काय? आमच्या सीमाभागात घरी एक भाषा, पेठेत दुसरी आणि शाळेत तिसरी असते. त्यापायी एखादे मूल कोपऱ्यात पडते काय, हेही पाहावे. याची उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत. सायंकाळी जेवणाच्या वेळी न कळविता जावे, मुलांच्या पंगतीला बसावे आणि मोठ्या वर्गातील दोघातिघांशी एकांतात बोलावे.

दुसऱ्या खेपेस मी असेच केले. ज्या वसतिगृहात मुलाला ठेवले तेथील इमारत जुनी होती, पण सूर्य मावळण्यापूर्वी पंगत उठत होती, आणि एक मुलगा गृहपतींशी कंदमुळांवरून निर्भयपणे वाद घालीत होता. तो वाद ऐकूनच माझा निर्णय झाला. काही महिन्यांनी माझ्या मुलाने मला सांगितले, ‘अप्पा, काल खेळात उशीर झाला, म्हणून जेवलो नाही, गुरुजींनी सकाळी दूध आधी दिलं.’ त्याने काहीही लपविले नव्हते.

संस्था उभारणारे उभारून गेले. त्यांना देणगी देऊन पावती घेणे सोपे आहे. वर्षातून एकदा तेथील पंगतीला जाऊन बसणे, हे काम मात्र आपणा प्रत्येकाचे आहे.